रानाकडची चकती

हावीकू गावात नोव्हेंबरात दुपारची कॉफी संपायच्या आत रात्र होते. दुकानदारीण लेहते म्हणते, गिऱ्हाईक पाव घ्यायला निघतं तेव्हा दिवस असतो आणि पैसे देईपर्यंत दिवा लावावा लागतो. पण ज्याने कुणी शिकारीचा नियम लिहिला, त्याला हे ठाऊक नसावं. तिकडे राजधानीत, ताल्लिनला, दिव्याखाली बसून त्याने लिहिलं की सूर्यास्तानंतर झोताच्या बॅटरीने शिकार करायला परवानगी मिळेल, स्थानिक लोकांची हरकत नसल्यास. सूर्यास्तानंतर म्हणजे त्याच्या हिशेबाने सगळे जेवूनखाऊन अंथरुणात. एस्टोनियाच्या या दक्षिण टोकाला सूर्यास्तानंतर लोक शाळेतून, गोठ्यातून, बसथांब्यावरून घरी यायला निघतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी कुठे आहे हे कसं दिसावं.

तर लोकांची हरकत आहे की नाही हे ठरवायला ऑक्टोबरच्या शेवटी गावच्या सभागृहात सभा भरली. बोलावली होती एल्मारने. तो शिकारमंडळाचा अध्यक्ष, सत्तरीला टेकलेला, उंच, कमी बोलणारा. गावात कुणाचं कुत्रं हरवलं तरी लोक आधी त्याला सांगत आणि मग कुत्र्याला हाका मारत.

"दिवसा डुकरं दिसत नाहीत," एल्मार म्हणाला. "रात्री येतात. आर्वोचं बटाट्याचं अख्खं शेत उलथून गेलीत."

"फुकटात नांगरून दिलं," मागून कुणीतरी बोललं. "आर्वोला कुठे नांगर धरवतोय."

आर्वोसकट सगळे हसले. एल्मारने हसू ओसरू दिलं आणि पुढे सांगितलं. डुकरांबरोबर डुकरांचा ताप येतो. खरूज झालेले कोल्हे अंगणापर्यंत येतात, त्यांच्या अंगावर केस उरलेले नाहीत, घरच्या कुत्र्यांना लागण होते. बॅटरी मिळाली तर एका हिवाळ्यात हे आटोक्यात येईल.

लेहते उठून उभी राहिली. ती रुंद बाई होती आणि ते कुणी म्हणायच्या आधी स्वतःच म्हणायची. "डुकराला अंधारात ओळखशील. आणि मला? पाठीमागून बघितलं तर आमच्यात फार फरक नाही."

पुन्हा सगळे हसले. या वेळी ती हसली नाही. "मी विचारतेय, एल्मार. दुकान बंद करून मी रोज अंधारात घरी जाते."

परगण्याच्या कचेरीतून एक तरुण अधिकारी आला होता. त्याच्या बुटांना अजून चिखल लागलेला नव्हता. दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत, असं तो म्हणाला, आणि मग दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने मान हलवत राहिला.

तेवढ्यात एल्मारची बायको साल्मे उठली. नवऱ्याने बोलावलेल्या सभेत ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. एल्मारलाही नाही.

"नोव्हेंबर गेलेल्यांचा महिना आहे," ती म्हणाली. "आपण लाकूड फोडत नाही या दिवसांत. मोठ्याने बोलत नाही. माझी आई तर चरखाही गुंडाळून ठेवायची, घरी भेटीला आलेल्या गेल्या माणसांना त्रास नको म्हणून. कुऱ्हाड चालत नाही आणि बंदूक चालते?" मग ती खाली बघत म्हणाली, "मी महिनाभर रोज संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्ती लावायला जाते. ते मी सोडणार नाही. कुणाला बॅटरी मिळो, नाहीतर तोफ मिळो."

ती कुणासाठी जाते हे विचारायची गरज नव्हती. त्यांची मेरिके सोळा वर्षांची असताना, अशाच नोव्हेंबरात, बसथांब्यावरून चालत घरी येत होती. कोट काळा, रस्ता काळा, रान काळं. ड्रायव्हर म्हणाला, मला ती दिसलीच नाही. तो खोटं बोलला नव्हता, आणि हेच एल्मारला सहन झालं नाही. खोटं बोलला असता तर निदान त्याचा गळा तरी धरता आला असता. त्या सकाळी मेरिके घाईत शाळेला गेली होती आणि तिची चकती खुंटीवरच राहिली होती.

चकती म्हणजे अंधारात उजेड पडला की चमकणारी, कोटाच्या खिशातून दोरीवर लोंबणारी बिल्ल्याएवढी वस्तू. कायद्याने आमच्याकडे प्रत्येकाला ती लावावी लागते. दोरी लांब ठेवतात, म्हणजे ती गुडघ्याशी हलत राहते आणि गाडीचा दिवा खालून येतो त्याला सापडते. डाव्या कडेने चालायचं आणि चकती उजवीकडे, रस्त्याच्या अंगाला ठेवायची. मेरिके गेल्यापासून एल्मारच्या खिशात नेहमी दोन-चार जादा असत. बिनचकतीचा कोट दिसला की तो माणसाला रस्त्यात थांबवून स्वतःच्या हाताने बांधायचा. पोरंसोरं त्याला चकतीवाला म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

म्हणून सभेतही त्याला तेच सुचलं.

"दोन लावायच्या," तो म्हणाला. "एक रस्त्याकडची, गाडीवाल्यासाठी. एक रानाकडची, आमच्यासाठी. मंडळ आणून देईल, पांढऱ्या, गोल, सगळ्यांना सारख्या. आणि झोत अंगावर आला की पळायचं नाही. पळतं ते जनावर. थांबायचं, झोताकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे दोन्ही चकत्या दिसतील. आमचा माणूस समजेल आणि झोत खाली करेल."

हे सगळ्यांना पटलं. एका अंगाला गाडी आणि दुसऱ्या अंगाला बंदूक, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. पण एल्मार दोन्हीकडे दिवा लावून देत होता. अधिकाऱ्याने तर हे लिहून घेतलं आणि इतर गावांनाही सुचवण्यासारखं आहे असं म्हणाला. हात वर झाले. विरोधात जे थोडे हात होते त्यात लेहतेचा होता आणि साल्मेचा होता.

घरी गेल्यावर एल्मारने चष्मा लावला, सुई घेतली आणि साल्मेचा कोट मांडीवर ओढला. नुसत्या पिनेवर त्याचा विश्वास नव्हता. दोन्ही खिशांच्या आत त्याने दोरीचं टोक शिवून टाकलं, म्हणजे खुंटीवर विसरायचा प्रश्नच नको.

"दोन्हीकडून लोंबतंय," साल्मे चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "जत्रेतला घोडा दिसेन मी."

"दिसशील. तेवढंच पाहिजे."

"सभेत मी बोलले म्हणून रागावलायस."

"नाही." त्याने गाठ मारली. "गेली नाहीस तर बरं होईल, एवढंच. महिनाभर. मी सकाळी जाऊन लावतो मेणबत्ती."

"सकाळी मेणबत्ती कुणाला दिसते, एल्मार?" ती म्हणाली. मग चुलीकडे वळून, "बॅटरीत माणूस माणसासारखा दिसत नाही का रे? हात, पाय, डोकं?"

"धुकं असलं की नाही दिसत. चमकतं तेवढंच दिसतं, बाकी सगळं काळं होतं. उलट चकती जितकी चांगली, तितकं मागचं काळं."

"मग माणूस आहे हे कळतं कशावरून?"

एल्मारने दोरा दातांनी तोडला. "चकतीवरून," तो म्हणाला.

तिने कोट घेतला आणि खुंटीला लावला. पुढे त्या विषयावर दोघांत बोलणं झालं नाही. झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार एल्मारने नंतर इतक्या वेळा केला की त्या विचाराला काही चव उरली नाही.

बॅटरीचं काम त्याने राइवोकडे दिलं. राइवो त्याच्या बहिणीचा मुलगा. बहीण फिनलंडला कामाला गेली ती तिकडचीच झाली, आणि पोरगा मामा-मामीकडे वाढला. आता तो तिशी ओलांडलेला, लाकडाच्या कारखान्यात कामाला होता आणि दर शनिवारी मामीच्या हातचं खायला न चुकता यायचा. साल्मे त्याला "उपाशी लांडगा" म्हणायची आणि त्याच्या ताटात पहिला बटाटा वाढायची. मंडळात त्याच्याइतका शांत हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एल्मारनेच तो हात घडवला होता.

पहिल्या संध्याकाळी मामा-भाचे आर्वोच्या शेताच्या कडेला उभे राहिले आणि एल्मारने त्याला डोळे शिकवले.

"डुकराचे डोळे चमकलेच तर विझत्या निखाऱ्यासारखे, मंद. त्याचं अंग बघायचं. हरणाचे उंचावर. मांजराचे अगदी जवळ जवळ, ते सोडून द्यायचं."

"मांजर लेहतेचं असेल तर?"

"तर आधी सोडून द्यायचं." एल्मार क्वचितच हसायचा, तेव्हा हसला. "कोल्ह्याचे गुडघ्याएवढ्यावर, पांढरे, लख्ख. कुंपणाच्या खांबांवरही चकत्या ठोकलेल्या असतात, पण त्या हलत नाहीत. म्हणून आधी थांबायचं. हलेल ते जिवंत. आणि कोल्हा भारी चौकस. झोत पडला की बाकीची जनावरं पळतात. कोल्हा थांबतो आणि वळून झोताकडेच बघत राहतो. तेवढा वेळ तुझा."

राइवोने मान हलवली. त्याला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

सभागृहात एक धडा आणि शेतात दुसरा, देणारा माणूस एकच. दोन्ही धडे बरोबर होते. मला याचाच संताप येतो की त्या गावात शहाणी माणसं कमी नव्हती, चकत्या सगळ्यांच्या कोटाला लागल्या होत्या, शिकारही सगळ्यांना कळत होती, आणि हे दोन धडे कुणीही शेजारी शेजारी ठेवून बघितले नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची एका वेळी एकच चकती दिसते. समोरून, नीट तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या दोन दिसतात.

पहिले काही दिवस चांगले गेले. सात-आठ डुकरं पडली, तपासणी होऊन मांसाचे वाटे घरोघर गेले, लेहतेनेही नको म्हटलं नाही. फक्त "विरोध माझा, सॉसेज माझ्या नवऱ्याचं" असं म्हणून वाटा घेतला. दोन कोल्हेही मिळाले. लोक रस्त्यात एल्मारला पाहून आपल्या दोन्ही चकत्या हलवून दाखवायचे. एकदोनदा झोत माणसांवर पडलाही, पण ती चालती होती, बोलत होती, आणि झोत लगेच खाली गेला. साल्मे रोज जायची आणि रोज यायची. एल्मारचा जीव हळूहळू खाली बसला.

त्या शनिवारी तो सौना, अंगणातलं वाफेचं न्हाणीघर, तापवत होता. दुपारपासून धुकं उतरलं होतं, अंगणाच्या टोकाचं सफरचंदाचं झाडही दिसत नव्हतं. साल्मे मेणबत्त्या आणि काड्यापेटी घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "राइवो येईल त्याला सांग, बटाटे उकडलेत, पण मी आल्याशिवाय झाकण उघडू नकोस म्हणावं." एल्मारने तिच्या कोटाकडे बघितलं. दोन्ही चकत्या होत्या. "जा," तो म्हणाला.

सौनाचे दगड तापत आले तेव्हा त्याने बार ऐकला. शेताच्या बाजूने, दूर, एकच. कान देऊन तो थोडा थांबला. दुसरा बार झाला नाही. एका बारात काम झालं म्हणजे नेम बरोबर बसला. शाबास, असं एल्मार मनाशी म्हणाला. मग त्याने आणखी एक लाकूड आत सारलं, कारण आता राइवोही वेळेवर येणार होता, आणि तिघांचे टॉवेल बाकावर घडी करून ठेवले.

ते लाकूड तो आजही विसरलेला नाही. बर्चचं होतं, साल अर्धी सुटलेली.

खिशातला फोन वाजला.

"मामा," राइवो म्हणाला.

"डुक्कर होतं?"

"तुम्ही या."

"कोल्हा?"

"मामा, तुम्ही या ना."

दफनभूमीची वाट आर्वोच्या शेताच्या कडेने जाते. एल्मार बॅटरीशिवाय धावला. त्या वाटेला त्याला बॅटरी लागत नव्हती. धुक्यात पिवळा गोळा दिसला, राइवोने झोत जमिनीवर टाकून ठेवला होता. त्याच्या कडेला राइवो गुडघ्यांवर होता, अंगात नुसता सदरा. कोट त्याने काढून साल्मेच्या मांडीशी दाबून धरला होता आणि दाबण्यासारखं काही उरलेलं नव्हतं तरी दाबत होता. ती एका अंगावर पडली होती. मेणबत्त्या तिच्या लावून झाल्या होत्या. ती परत येत होती.

एल्मार खाली बसला आणि त्याने तिचा हात घेतला. हात अजून गरम होता, पण ती नव्हती. रुग्णवाहिका तालुक्याच्या गावाहून यायची होती, ती आली तेव्हा तिला काही काम नव्हतं.

"दोन डोळे होते, मामा," राइवो म्हणत होता. "मी लगेच नाही मारलं. मी थांबलो. म्हटलं, खांब असेल. हलले. मग थांबले आणि माझ्याकडेच बघत राहिले. गुडघ्याएवढे. कोल्ह्याचे होते, मामा."

"हाक मारलीस?"

"कोल्ह्याला कोण हाक मारतं?"

"ती ओरडली नाही?"

राइवोने मान हलवली. ती कशाला ओरडेल. तिला सांगितलं होतं की थांब, तोंड कर, ते समजतील, झोत खाली करतील. सभेत हात विरोधात वर केला होता, पण नवऱ्याचं म्हणणं तिने अक्षराबरहुकूम पाळलं. दोन्ही पाय जुळवून, झोताकडे तोंड करून, झोत खाली व्हायची वाट बघत ती उभी राहिली होती. धुक्यात तिच्या अंगाचं काही दिसलं नाही. चमकत होतं तेवढंच दिसलं.

"मामा," राइवोने विचारलं, "तुम्ही असतात तर?"

एल्मारने त्याच्याकडे बघितलंही नाही. "मी असतो तर ओळखलं असतं," तो म्हणाला.

राइवोचे हात तेव्हा थांबले. इतका वेळ तो दाबत होता, ते त्याने सोडून दिलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, बंदूक नेली, बॅटरी नेली, साल्मेचा कोट नेला. एल्मारचा जबाब झाला, त्यातही तो हेच म्हणाला. अनुभवी माणसाने ओळखलं असतं. मी असतो तर ओळखलं असतं. राइवोवर खटला होणार हे ठरलं. तो कारखान्यात गेला नाही, कुणाला भेटला नाही. रोज एकदा मामाला फोन करायचा. एल्मार फोन टेबलावर ठेवून तो वाजायचा थांबेपर्यंत बघत बसायचा. लेहते दुकान बंद करून त्याच्यासाठी सूप घेऊन यायची, तिने एकदा विषय काढला.

"तो विचारतोय, मातीला येऊ का."

"नको."

"तिनेच वाढवलंय त्याला, एल्मार."

"म्हणूनच नको. त्याने बघायला हवं होतं नीट. मी चाळीस वर्षं बंदूक धरली, लेहते. माणसावर कधी रोखली गेली नाही."

लेहतेने सूप त्याच्यापुढे सरकवलं. माणसाला बुडताना हाताला जे लाकूड लागतं ते कुजकं आहे की कसं, हे त्याला सांगायचं नसतं. एल्मारचं सगळं वजन त्या एका वाक्यावर होतं. ते खरं असेल तर चूक राइवोची होती. ते खरं नसेल तर पुढे विचार करवत नव्हता.

मेरिकेच्या शेजारी साल्मेला ठेवलं. जेवण गावच्या सभागृहात होतं, त्याच सभागृहात. सूप, मांसाचा थिजवलेला रस्सा, बटाट्याचं सॅलड, भात भरलेल्या पेस्ट्र्या, आणि पुरुषांच्या बाजूला व्होडका. गेलेल्यांच्या महिन्याप्रमाणे सगळे हळू बोलत होते, पण हळू बोलूनही बोलणं तेच होतं.

"दोष बॅटरीचा नाही, धुक्याचा आहे," आर्वो शेजाऱ्याला म्हणाला.

"चौकशी होईपर्यंत बंदी आलीय."

"बंदी उठेल. डुकरं काय चौकशीसाठी थांबणार आहेत? परवापासून पुन्हा शेतात आहेत."

"उठली तर माझी बायको संध्याकाळी बाहेर पडणार नाही."

"चार वाजल्यापासून घरात? मग गाय कोण बघणार?"

"मग बॅटरी नको."

"मग बटाटे कोण बघणार?"

कुणीही खोटं बोलत नव्हतं. एल्मारपुढचं सूप गार झालं. तो उठला आणि बाहेरच्या बोळात आला. तिथे भिंतभर खुंट्या आहेत आणि त्यांवर सगळ्या गावाचे कोट लटकत होते. बोळात दिवा नव्हता. त्याच वेळी अंगणात कुणीतरी गाडी वळवली आणि तिचा उजेड दाराच्या काचेतून आत आला.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुडघ्याएवढ्यावर, जोड्याच जोड्या उघडल्या. पांढऱ्या, लख्ख. त्याच्याकडेच बघणाऱ्या. गाडी वळली, उजेड गेला, आणि त्या मिटल्या.

एल्मारने खिशातला चाकू काढला. पहिल्या कोटाची एक दोरी कापली, मग दुसऱ्याची. चकत्या फरशीवर पडून आवाज करत होत्या. त्याला वाटलं, प्रत्येकाची एकच ठेवली की झालं, एका डोळ्याचा कोल्हा नसतो. तिसरा कोट रुंद होता. दोरीला चाकू लावला आणि मागून लेहतेचा आवाज आला.

"काय करतोयस?"

"एक काढतोय."

"कुठली?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"कोट लटकलेला आहे, एल्मार. कुठली कुठल्या अंगाची बघितलीस का? रस्त्याकडची काढतोयस की रानाकडची?"

त्याने हातातल्या चकतीकडे बघितलं. मग खाली पडलेल्यांकडे.

"रानाकडची," तो म्हणाला.

"ही रस्त्याकडची आहे." लेहतेने कोट त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला. "मेरिकेच्या वेळेस ही नव्हती. साल्मेच्या वेळेस दोन्ही होत्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बॅटऱ्या निघाल्या आणि मी रानाच्या अंगाने नुसती काळी दिसले, म्हणजे? मी डुकरासारखी दिसते, हे मी सभेत सांगितलं होतं. तू सांग कुठली काढायची, मी काढते. मला सांग फक्त."

एल्मारने तोंड उघडलं. मेरिके गेल्यापासून या गावात कोटाबद्दल त्याला विचारलं गेलं आणि उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

 लेहतेने वाकून फरशीवरच्या दोन्ही चकत्या उचलल्या, ज्याच्या त्याच्या कोटाच्या खिशात टाकल्या, आणि स्वतःचा कोट अंगात घातला. "गाय दोहायची आहे," ती म्हणाली. "सूप खाऊन घे."

ती बाहेर पडली. एल्मार दारात उभा राहिला. सभागृहापुढची उतरण लागली की धुकं दाट होतं, तिथे ती काळी झाली, मग नाहीशी झाली. तेवढ्यात अंगणात, दाराच्या शेजारीच, घरी निघालेल्या कुणीतरी गाडी सुरू केली. वाट नीट दिसावी म्हणून त्याने मोठे दिवे लावले. गाडी वळली आणि उजेड उतरणीवर फिरला. धुक्यातून तो लेहतेच्या पाठीवर पडला.

तो गाडीचा दिवा आहे हे तिला कळलं नसावं. मागून शिकाऱ्याचा झोत आला असं तिला वाटलं असेल. सभेत सांगितल्याप्रमाणे ती थांबली. सभागृहाकडे वळली, दोन्ही पाय जुळवले आणि उभी राहिली.

एल्मारला लेहते दिसली नाही. रुंद खांदे दिसले नाहीत, रुमाल दिसला नाही. गुडघ्याएवढ्यावर दोन पांढरे ठिपके होते. ते जरासे हलले. मग थांबले, आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

कोल्हा, तो मनाशी म्हणाला.

त्याने स्वतःला सांगितलं की ती लेहते आहे, आत्ता इथून गेली, तिला गाय दोहायची आहे. त्याला ते माहीत होतं. पण त्याआधीच त्याचा श्वास थांबला होता, डावा डोळा मिटला होता, आणि उजवा खांदा, बंदुकीचा दस्ता टेकतो तो, आपसूक वर आला होता.